जांगडावर आणलेले तीन मोडेम

आमच्या घरी मोडेम आला तो जांगडावर. हे वाक्य मी आजवर पुष्कळ बैठकांत टाकून पाहिलं आहे आणि दर वेळी ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. ज्यांना जांगड कळतं त्यांना मोडेम कळत नाही, आणि ज्यांना मोडेम कळतो ते जांगड म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणून दोन्ही आधीच सांगून टाकते.

जांगड म्हणजे पसंतीसाठी घरी नेलेला माल. परभणीत लग्नाच्या साड्या अशाच यायच्या. दुकानदार गठ्ठा बांधून द्यायचा. घरच्या बायका दोन-चार दिवस त्या पसरायच्या, खांद्यावर टाकायच्या, उन्हात धरायच्या, एकमेकींच्या पसंतीला नावं ठेवायच्या. मग पसंत पडलेली ठेवून बाकीच्या घडी न मोडता परत. यात एकच नियम पक्का होता. ज्या साडीला हळदकुंकू लागलं ती तुमची झाली, मग ती परत जात नाही.

मोडेम म्हणजे एक पेटी. तिची एक वायर कॉम्प्युटरला, दुसरी फोनच्या तारेला. कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं ती शिट्ट्यांच्या आवाजात तारेतून धाडते, आणि पलीकडच्या गावातली तसलीच पेटी त्या शिट्ट्यांची पुन्हा अक्षरं करते. आता पोरांना हे सांगितलं की ती मला थापाडी म्हणतात. म्हणोत.

विद्यापीठाचं नाव बदलणार की नाही, हा घोळ मी कॉलेजात होते तेव्हापासून चालू होता. तो ज्या हिवाळ्यात मिटला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकाची दहावीची गाइडं जुळवत असे. हस्तलिखित पोस्टाने यायचं. मी ते मराठीत टाइप करायची, पानं लावायची, फ्लॉपीवर भरायची आणि पुण्याला जाणाऱ्या खाजगी बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. पोरांनी विज्ञानात काय घोकायचं ते परभणीतल्या एका खोलीत बसून माझ्या हातून ठरत होतं, आणि याचा मला जो माज होता तो मी कधी लपवला नाही. गाइडाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात ‘अक्षरजुळणी, परभणी’ असं छापलेलं असायचं. माझं नाव नसायचं, पण ते दोन शब्द मी कुणालाही न विचारता घातले होते आणि प्रकाशकाने ते काढले नव्हते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मी कुणाला न विचारता केलेलं पहिलं काम ते.

पण फ्लॉपी ही भारी नाजूक जात. ड्रायव्हर ती ऐटीत बॉनेटवर ठेवायचा, आणि पुण्याला पोचेस्तोवर तिचा पापड व्हायचा. अशा तीन मेल्या, तेव्हा प्रकाशकाचा फोन आला.

“बाई, मार्चात परीक्षा आहे. विज्ञानाचा सरावसंच वेळेत बाजारात आला पाहिजे. मी इथे मोडेम बसवलाय, तुम्ही तिथे बसवा. संक्रांतीपर्यंत तारेवरून पुस्तक आलं तर काम तुमचं. नाही आलं तर इथे एक ऑपरेटर बघून ठेवलाय.”

“कोण ऑपरेटर?”

“तुमच्या भाऊजींच्याच ओळखीतला आहे.”

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. पुण्यात एका कारखान्यात साहेब. वर्षातून तीनदा परभणीला यायचे आणि तिन्ही वेळा आम्हाला सुधारून जायचे. आमचे हे शाळेत गणिताचे मास्तर, मोठ्या भावापुढे त्यांची मान आपोआप खाली जायची. मी भाऊजींना फोन लावला.

“तुमीच सांगितलंत का माझं काम दुसऱ्याला द्यायला?”

“अगं, तुझ्या भल्याचंच सांगितलं. परभणीच्या तारेवरून धड ‘हॅलो’ जात नाही, तू पुस्तक कसलं पाठवतेस?”

“तुमचा हॅलो जात नाही, भाऊजी, कारण हॅलो म्हणून तुमी थांबतच नाही.”

ते हसले. मोठी माणसं ऐकायचं नसलं की हसतात तसे. “बनी तो बनी, नहीं तो परभणी, हे आपल्या जुन्या लोकांचं ठीक होतं. आता बनायचं असेल तर पुण्याला या. ते मशीन विका. धाकट्याला मी इथल्या एखाद्या शाळेत मास्तर म्हणून लावतो.”

मी बोरीची. आमच्या गावात ‘होणार नाही’ असं कुणी म्हटलं की लोक चप्पल पायात घालतात. मी त्याच आठवड्यात औरंगाबादची गाडी धरली. सोबतीला सासूबाई.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशीच रीत. आत्याबाईंना अक्षरओळख जेमतेम, पण जांगड निवडण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या गल्लीत कुणी नव्हतं. लोक लग्न ठरलं की आधी भटजीकडे जात आणि मग आमच्या ओसरीवर. आत्याबाई साडीचा पदर बघत नसत. साडी उलटी करायच्या, किनारीचा एक धागा जिभेवर ओला करून चिमटीत चोळायच्या आणि बोटाला रंग लागला की साडी बाजूला. दुकानदार त्यांना चहा पाजत आणि मनातल्या मनात त्यांच्या येण्याला शाप देत.

औरंगाबादचं दुकान असं होतं: खाली बापाचं कापडाचं, वर मुलाचं कॉम्प्युटरचं. वर जाताना चपला काढाव्या लागल्या. आत गारगार हवा, काच, कुणी मोठ्याने बोलत नाही.

“देवळासारखं हाय,” आत्याबाई म्हणाल्या आणि सवयीने हात जोडले.

मुलाने तीन मोडेम मांडले. पहिला परदेशी, काळाभोर, चपटा, पुढे आठ लाल दिवे. “मॅडम, हा नऊ हजार सहाशेचा आहे.”

“नऊ हजार काय?” आत्याबाईंनी विचारलं.

“बिट्स, आजी. एका सेकंदात.”

“मोजले कुणी?”

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागले. दुसरा पांढरा, साबणदाणीएवढा, चोवीसशेचा. तिसरा देशी. जाड पत्र्याचा, राखाडी, वजनाला दगड, एकच दिवा आणि तोही मंद. वेग बाराशे. “हा आता कोणी घेत नाही,” मुलगा म्हणाला. “पण याच्यात एक आहे. पाठवलेला तुकडा पलीकडे चुकीचा पोचला, तर तोच पुन्हा पाठवतो. बरोबर पोचल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणून हळू.”

मी कागदावर सगळं लिहून घेतलं. लिहून काही उपयोग नव्हता. तिन्ही मोडेम दुकानाच्या गार हवेत, दुकानाच्या स्वच्छ तारेवर उत्तम चालत होते. मी गोंधळले. तेव्हा आत्याबाई उठल्या.

“तिन्ही बांध. घरी नेऊन बघताव आमी.”

“आजी, ही साडी नाहीये. इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे. जांगडावर नाही देता येत.”

“मग तुजं इलेक्ट्रॉनिक कच्चं हाय. पक्क्या मालाला कुणाच्या घरी जायचं भ्या वाटत न्हाई.”

तो ऐकेना. आत्याबाई भरभर जिना उतरल्या आणि खाली गादीवर बसलेल्या म्हाताऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “शेटजी, तुमच्या घराण्यात जांगड बंद झालं का? पोरगा वर न्हाई म्हणायलाय.” म्हाताऱ्याने चष्म्यावरून आत्याबाईंना नीट बघितलं आणि जिन्याकडे तोंड करून असा ओरडला की वरची काच वाजली. “दे रे! गिऱ्हाईक आहे, चोर नाही!”

दहा दिवसांच्या बोलीवर तिन्ही पेट्या साडीच्याच पिशवीत घेऊन आम्ही परभणीला आलो.

आता तपासायचं कसं? भाऊजींपासून फोनच्या लाइनमनपर्यंत सगळ्यांचं एकच मत. रात्री बघा, रात्री तार शांत असते. लाइनमन तर तारेवरून शिट्ट्या धाडायच्या म्हटल्यावरच हादरला होता. “ताई, परवानगीचा अर्ज दिलाव ते ठीक हाय, पण ही तार बोलायला हाय, केकाटायला न्हाई.” आत्याबाईंना रात्रीची कल्पनाच पटली नाही.

“झोपलेल्या लेकराचं काय कौतुक, सगळेच गुणाचे दिसतेत. भर दुपारी बघ.”

भर दुपारी म्हणजे बारा वाजता. त्या वेळी मोंढ्यात सौदे सुरू असायचे आणि परभणीतला प्रत्येक व्यापारी एकाच वेळी नांदेड, लातूर, हैदराबाद अशा गावांशी भांडत असायचा. तारेवर असा खरखराट की शेजारच्या घरातली खबर तिसऱ्याच गावाला ऐकू जावी. त्यात अख्ख्या गल्लीत फोन आमचाच, म्हणजे कुणाला मुलगी झाली, कुणाची गाडी चुकली, सगळं आमच्या खोलीतून. मला तेव्हा जरा धाकधूक वाटली. पण प्रकाशकाचं ऑफिस दिवसाच उघडं असायचं, आणि पाठवायचं तर मलाही दिवसाच होतं. आत्याबाईंचं बरोबर होतं.

पहिल्या दिवशी लाल दिव्यांचा लावला. पुण्याला ऑफिसातला माणूस तयार बसला होता. अहाहा, काय तो मोडेम किंचाळला! गल्लीतली कुत्री उठली. आठही दिवे मांडवातल्या माळेसारखे पळायला लागले, अक्षरं सरासरा जाऊ लागली, मी टाळी वाजवली, आणि तिसऱ्या मिनिटाला सगळा अंधार. पुन्हा लावला, दुसऱ्या मिनिटाला मेला. तिसऱ्यांदा तर त्याने तारेचा खरखराट ऐकूनच मान टाकली.

“नवरदेव हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “गरदीत घोड्यावरनं उतरायला तयार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पांढरा. हा मधे तुटला नाही. शेवटपर्यंत गेला. पण पुण्याहून फोन आला की पलीकडे मजकुराचा चिवडा झालाय, ‘प्रकाशाचे परावर्तन’ या प्रकरणात सगळी चिन्हं आणि फुल्याच आहेत. मी कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी चिमूट चोळून दाखवली. “रंग सुटला. बाजूला ठेव.”

तिसरा उद्या लावायचा होता. पण त्या संध्याकाळी भाऊजी दत्त म्हणून दारात. संक्रांतीआधीची रजा टाकून आले होते. मी भाजी आणायला गेले होते, आत्याबाई देवळात. घरात आमचे हे एकटे. भाऊजींनी टेबलावरच्या तिन्ही पेट्या पाहिल्या, कारखान्यातल्या साहेबाच्या नजरेने पाहिल्या, आणि लाल दिव्यांच्या पेटीवर बोट ठेवलं. “हा. यात विचार काय करायचा?” मग, घरात नवी वस्तू आली की घरातल्या थोरल्याने पूजा करायची असते म्हणून, त्यांनी देवघरातून करंडा आणला, मोडेमवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, अक्षता टाकल्या आणि त्याच्या पुढ्यात नारळ फोडला.

मी दारात आले तर दिव्यांवर कुंकू, झरोक्यांत अक्षता, टेबलावरून नारळाचं पाणी ठिबकतंय आणि भाऊजी प्रसाद वाटायलेत. माझ्या मागून आत्याबाई आल्या आणि त्यांच्या हातातलं देवळातलं फूल खाली पडलं.

“आरं, काय केलंस हे? जांगडाचं हाय ते!”

“जांगडाचं म्हणजे?”

“परत द्यायचं हाय! कुंकू लावलंस!”

भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “मग झालंच की. कुंकू लागलं, आता हाच. उगाच तीन-तीन कशाला?” आणि माझ्याकडे वळून, “घे प्रसाद.”

मी प्रसाद घेतला. खोबरं तोंडात घातलं आणि खाऊन झाल्यावर म्हणाले, “भाऊजी, हा चालत नाही. हा परत जाणार.”

“परत कसा जाईल? तुमचीच रीत ना?”

आमचे हे खिडकीतून बाहेर बघत होते. आधार मला आत्याबाईंचा वाटत होता, पण त्या माझ्या नजरेला नजर देईनात. रात्रभर त्यांचं तेच. जन्मभर जांगडाची इज्जत सांभाळली, कुंकू लागलेला माल कुणी परत करताना दिसली तर तिला चारचौघींत झाडली, आता आपणच शेटजींसमोर कोणत्या तोंडानं जायचं? मी त्यांच्याशी भांडले. म्हणाले, मग तुमच्या रीतीपायी माझं काम जाऊ द्यायचं का? दोन घेण्याची ऐपत नव्हती. हा ठेवला तर राखाडी घ्यायचा नाही, आणि राखाडी अजून लावून बघितलाही नव्हता. त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी बाराला मी रागाच्या भरात राखाडी लावला. भाऊजी शेजारी खुर्ची टाकून बसले, मनगटावरचं घड्याळ बघत. राखाडी किंचाळला नाही, म्हैस हंबरते तसा हंबरला. दिवा लागला. अक्षरं जाऊ लागली, ती इतकी संथ की भाऊजींनी जांभई दिली. मोंढा सुरू झाला, तार कडकडली. दिवा विझला. मग दिवा लागला, राखाडीने तोच तुकडा पुन्हा उचलला, पुन्हा ओढला. पुन्हा कडकड, पुन्हा थांबला, पुन्हा तोच तुकडा. बोरीच्या काळ्या मातीतून बैल गाडी काढतो तसा. प्रकरण संपलं तेव्हा पुण्याहून फोन आला, शब्द न शब्द आलाय.

“एका प्रकरणाला इतका वेळ?” भाऊजी उठले. “पुस्तक पोचेपर्यंत पोरं कॉलेजात जातील. मी प्रकाशकांना सांगतो, हिने भंगार निवडलंय.” आणि पुण्याला निघून गेले.

आत्याबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी राखाडी पेटीवरून हात फिरवला, बोटं चोळून बघितली. “रंग पक्का हाय,” म्हणाल्या. आणि मग त्यांनी जो निवाडा दिला तो मी आजही वकिलांना ऐकवते.

“साडीला कुंकू नेसणारी लावती. नेसणारी तू हायेस. त्यानं लावलं ते कुंकू न्हवं, डाग हाय. चल, शेटजीकडं.”

औरंगाबादला वरच्या मुलाने कुंकवाचा मोडेम बघितला आणि त्याचे डोळेच बाहेर आले. “मॅडम, याला हळदकुंकू लागलंय. आता हा तुमचा. नियम आहे.”

“कशाचा नियम?”

“जांगडाचा!”

“पण ही साडी नाहीये,” मी म्हणाले. “इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे.”

खालून म्हाताऱ्याचं हसू जिना चढून आलं, खोकल्यात बदललं आणि पुन्हा हसू झालं. मोडेम तिथेच लावून बघितला, चालू होता. आत्याबाईंनी पदराने एकेक दिवा पुसला, झरोक्यातल्या अक्षता हेअरपिनने काढल्या आणि पांढऱ्यासोबत तीही पेटी परत केली. राखाडीचे पैसे मोजून आम्ही निघालो.

आता राहिलं सगळं पुस्तक. प्रकाशकाने संक्रांतीच्या दिवशी बाराची वेळ दिली. “तुमचे भाऊजी ऑपरेटरला घेऊन इथेच बसणार आहेत,” तो म्हणाला. “नाही आलं, तर हस्तलिखिताची दुसरी प्रत त्याच्या हातात देतो. बाई, माझाही नाइलाज आहे.”

आणि नेमक्या त्या दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं. रेडिओवर सांगितलं आणि परभणी बदलली. गाड्या थांबल्या, मोंढा बंद, दुकानांचे पत्रे खाली. मागच्या गल्लीतून ह्यांच्या शाळेतल्या शिपायाची बायको पेढे घेऊन आली. आमच्या गल्लीत काही दारं तिला बघून लागली. मी उंबऱ्यावर उभी राहून पेढा खाल्ला, सावकाश, ज्यांना खिडकीतून बघायचं होतं त्यांना दिसेल असा. तिला तिळगूळ दिला, दोन घटका बोललो. मग आत जाऊन राखाडी लावला.

मोंढा बंद म्हणून तार मोकळी असेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. गाड्या बंद, म्हणून सगळ्यांना आपापल्या माणसांची फिकीर, आणि सगळा जिल्हा फोनवर. तार अशी कडकडत होती की जणू तिच्यात फुटाणे भाजायलेत. सोळा वेळा फिरवला तेव्हा पुणे लागलं. राखाडी हंबरला, दिवा लागला, आणि पुस्तक निघालं.

दारात गर्दी. कुणाचा मुलगा पाथरीला अडकलाय, कुणाची सून पोखर्णीहून निघालेली पोचली नाही. आत्याबाई उंबऱ्यात आडवा पाट टाकून बसल्या. “बसा ग बायांनो. तिळगूळ घ्या. माजी सून बोलायलीय.”

“कुणाशी बोलती? आवाज तर न्हाई!”

“तिचं बोलणं तसंच हाय. बसा.”

एकीने उठून आत घुसायचा प्रयत्न केला. “आत्या, माझं पोरगं हाय तिकडं!” मला ते आत ऐकू आलं. मी तिला म्हणाले, “हे झालं की पहिला फोन तुझा. शपथ.” ती बसली. पण मला त्या पाऊण तासात प्रत्येक क्षणाला तिचं बसणं जाणवत होतं. दिवा विझायचा, लागायचा. कडकड व्हायची, राखाडी मान खाली घालून तोच तुकडा पुन्हा उचलायचा. एकदा तो इतका वेळ थांबला की ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत चार माणसांदेखत पहिल्यांदा. मग दिवा लागला.

पुस्तक संपलं. तार सुटली. पाचव्या मिनिटाला फोन वाजला, पलीकडे भाऊजी.

“आलंय,” ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

“सगळं आलं का बघा भाऊजी. शेवटचं पान वाचा.”

“अगं, आलंय म्हणतोय ना.”

“मला कसं कळणार? परभणीच्या तारेवरून धड हॅलो जात नाही. मोठ्याने वाचा.”

तिकडे प्रकाशक, ऑपरेटर, ऑफिसातले सगळे उभे असणार, मला माहीत होतं. भाऊजी घसा खाकरून वाचू लागले. “सरावासाठी प्रश्न. कारणे द्या. एक, उन्हाळ्यात मडक्यातील पाणी थंड राहते. दोन, रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात. तीन...” आणि तिथे ते थांबले.

“वाचा ना.”

“तीन,” भाऊजी म्हणाले, “परभणीहून पुण्यास पुस्तक पाठविता येत नाही, हे विधान चूक आहे.”

हा तिसरा प्रश्न मूळ हस्तलिखितात नव्हता. मागून कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक ऑपरेटरच. मग फोन प्रकाशकाने घेतला.

“बाई, तो तिसरा मी काढतो.”

“काढा.”

“काम तुमचंच. पण पाऊण तास लागला हो. पुढची पुस्तकं रात्री पाठवा, मी माणूस थांबवीन. तार मोकळी असते.”

“रात्री मी झोपते,” मी म्हणाले. “उद्यापासून रोज बारा वाजता.” आणि फोन ठेवून तो पोरगं अडकलेल्या त्या बाईच्या हातात दिला. तिचा पाथरीचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. पोरगं मावशीकडे सुखरूप होतं. ती रडली, मग तिनेच मला तिळगुळावरून टोमणा मारला की कडक झालाय.

आत्याबाईंनी पाट उचलला आणि ओट्यावर उभ्या राहून उरलेल्या बायांना मोठ्याने सांगितलं, “या, एकेक करून बोला. पन उद्यापासनं बाराच्या आत येऊन बोलून जायचं. बाराला फोन माज्या सुनंचा हाय.”